घडी पडू देऊ नका

पिठल्याच्या डाव्या कानाला खाज सुटली की त्याचं डोकं डावीकडे कलतं आणि तसंच थांबतं. ससा मागच्या पायाने कान खाजवतो. याचे मागचे दोन्ही पाय गेल्या आषाढापासून लुळे आहेत. पाय येईल म्हणून कान वाट बघत राहतो. मग मी बोटाने खाजवते. तो डोळे मिटतो.

त्याची कंबर माझ्या हातून गेली. नखं कापायला म्हणून मानगूट धरून उचलला, मागचा भाग अधांतरी राहिला आणि घाबरून त्याने लाथ झाडली. मांजराची हाडं वजनाच्या 12-13 टक्के असतात, सशाची जेमतेम 7-8. पायांत बळ मात्र उडीचं. खालून हाताचा आधार नसेल तर स्वतःच्याच लाथेने त्याचा मणका मोडतो. हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. ससा आणण्याआधी विचारायला हवं होतं.

आता दिवस त्याच्या वेळापत्रकाने चालतो. ओटीपोटावर हलका दाब देऊन लघवी करवायची. सशाची लघवी चुना कालवलेल्या पाण्यासारखी गढूळ. अंगावर राहिली तर कातडी सोलवटते. म्हणून कोमट पाण्याने पुसायचं, पूर्ण कोरडं करायचं. पावसाळ्यात हयगय चालत नाही. ओल्या केसांत माशीने अंडी घातली तर दिवसभरात अळ्या होतात. शिवाय ससा स्वतःची मऊ लेंडी थेट तोंडाने उचलून खातो, त्यातून त्याला काही जीवनसत्त्वं मिळतात. याला तिथवर वाकता येत नाही. ती उचलून त्याच्या तोंडाशी धरायची. पहिल्या दिवशी मला उमासे आले. आता त्याच हाताने, धुऊन अर्थात, मी पोळ्या लाटते.

“अहो, किती दिवस करणार?” लोक विचारतात. कुणी भलेपणाने, कुणी खर्चाच्या अंदाजाने. मला राग येतो, कारण प्रश्न खरा आहे. ही सेवा की माझं प्रायश्चित्त? प्रायश्चित्त असेल तर ते मी करावं. त्यासाठी त्याने का जगावं? 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात पाळणाऱ्याचं कर्तव्य सांगितलंय: जनावराला अनावश्यक वेदना होऊ द्यायच्या नाहीत. ‘अनावश्यक’ या शब्दापाशी मी कितीदा अडले असेन. ससा तर शिकार होण्यासाठीच जन्मलेला जीव, दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. फार झालं तर दात करकर वाजवतो. म्हणून मी एक साधी खूण धरली आहे. फ्रिजचं दार वाजलं की तो पुढच्या दोन पायांवर अंग ओढत कोथिंबिरीसाठी येतो. ज्या दिवशी यायचा थांबेल, त्या दिवशी डॉक्टरांशी ते दुसरं बोलणं करायचं. ठरवलं आहे. जमेल का, ते तेव्हा बघू.

‘लीळाचरित्रा’त ससा आहे. शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला तो जीव चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो, स्वामी त्याला राखतात आणि पारधी गेल्यावर सोडून देतात. फार आवडती लीळा माझी. पण अलीकडे मन शेवटाशी घुटमळतं. तो ससा आपल्या पायांनी निघून गेला. शरण आलेला परत जाऊच शकला नाही तर, याची लीळा कुणी सांगत नाही. सांगण्यासारखं त्यात काही घडतच नाही. रोज तेच फडकं, तेच कोमट पाणी.

आमच्या मजल्यावर एक आजी सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं करायला येणाऱ्या मावशी परवा जिन्यात भेटल्या. त्यांनी किती दिवस वगैरे विचारलं नाही.

“कूस बदलता ना? दर किती तासांनी?”

“चार.”

“दोन-तीन तासांनी बदला. आणि फडक्याला घडी पडू देऊ नका. घडीनंच जखम होते.”

घरी येऊन पिठल्याच्या पोटाखाली हात घातला. जुन्या साडीच्या तुकड्याला खरंच एक घडी पडली होती, बरोबर हाडाखाली.