बोथट खंजिराचे इमान

सुरतेत राहून शिवजयंती साजरी करणाऱ्या आम्हां मराठी घरांपुढे एक अवघड प्रश्न कायमचा उभा आहे, आणि तो न विचारण्याची कला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या साधली आहे. यंदा मात्र तो टाळता आला नाही. तोही कुणा विद्वानाच्या व्याख्यानातून नव्हे, तर एका स्वस्त खंजिराच्या खरेदीतून पुढे आला.

झाले असे की, दरवर्षीचा प्रतापगडाचा प्रवेश पुरे झाला, आता आपल्या गावचाच प्रसंग करू, असे आमच्या तरुण मंडळींनी ठरवले. प्रसंग त्यांनी निवडला तो जानेवारी 1664 मधला. त्यासाठी एक खंजीर हवा होता. पैसे बेताचे, म्हणून ‘पाचशे रुपयांच्या आत बसवा’ अशी आमची सूचना होती. दोन दिवसांनी मुलांनी दोन खंजीर समोर ठेवले. पहिला यात्रेच्या ठिकाणी मिळतो तसला, लाल मखमली म्यानाचा, चकचकीत कट्यारीचा नमुना. धार नकली नव्हे, चांगली खरी. दुसरा पत्र्याचा, चंदेरी रंग दिलेला. ‘काका, यातला कुठला?’ असे मुलांनी विचारले तेव्हा हा पैशांचा प्रश्न आहे असे आम्हांस वाटले होते. तो तसा नव्हता.

आधी प्रसंग आठवावा. शाहिस्तेखान तीन वर्षे पुण्यात ठाण मांडून स्वराज्याचा मुलूख उजाड करीत होता. त्याची भरपाई मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून करावी, या हेतूने शिवाजीमहाराज 6 जानेवारी 1664 रोजी सुरतेवर आले आणि 10 तारखेस परतले. त्यांचा तळ बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत होता. शहराचा सुभेदार इनायतखान रयतेला वाऱ्यावर सोडून तापीकाठच्या किल्ल्यात जाऊन बसला होता. गुरुवारी त्याने तहाच्या बोलण्याचे निमित्त करून एक तरुण महाराजांकडे पाठवला. बोलता बोलता त्या तरुणाने लपवलेला खंजीर उपसला आणि तो महाराजांच्या अंगावर धावून गेला. जवळ उभ्या असलेल्या अंगरक्षकाने एका घावात त्याचा हात तोडला. पण धावण्याचा वेग असा की, तो तसाच महाराजांवर आदळला आणि दोघेही जमिनीवर पडले. अंगावरचे रक्त पाहून महाराज गेले अशी हाकाटी छावणीत उठली आणि कैद्यांना कापून काढा असा ओरडा सुरू झाला. महाराज उठून उभे राहिले आणि त्यांनी ती कत्तल थांबवली.

प्रसंगाचा मध्य खंजीर आहे. तेव्हा तो कसा असावा, हे मुलांना नीट सांगणे आमचे कर्तव्यच होते.

कट्यार आम्ही आधी बाजूला केली. कट्यारीची मूठ आडवी असते, दोन समांतर दांड्यांच्या मध्ये. पाते मुठीत धरलेल्या हाताच्या रेषेत पुढे येते. शस्त्र देखणे, चित्रांतून आणि चित्रपटांतून आपल्या ओळखीचे. पण रुंद मुठीचे हे शस्त्र जाम्याच्या आत लपवून वाटाघाटीस येणे कठीण. लपवायला सोयीचा तो पेशकब्ज किंवा कर्द: सरळ, निमुळते, एका धारेचे पाते आणि साधी मूठ. म्हणजे मखमली म्यानातली महाग वस्तू दिसायला भारी असूनही या प्रसंगात खोटी ठरत होती. आणि लाकडाचा एक साधा तुकडा, जर त्याला पेशकब्जाचा घाट आणि माप दिले, तर तिच्यापेक्षा खरा ठरणार होता. नकलेचा खरेपणा ती कशाची बनवली यात नसतो, ती कशाशी इमान राखते यात असतो, हे येथे प्रथम आमच्या ध्यानात आले.

पत्र्याचा खंजीरही बाद झाला, तो निराळ्या कारणाने. स्वस्त म्हणून घेतलेला पातळ पत्रा धार न लावताच धारदार असतो. पूर्वी एकदा तालमीत अशाच पात्याने एका मुलाचा तळहात चिरलेला आम्ही पाहिला आहे; मूठ एकाच खिळ्यावर बसवलेली होती, ती हलली आणि पाते उलटे फिरले. सोंगासाठी घेतलेल्या वस्तूने खरे रक्त काढणे यापरता तिचा दोष नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या प्रकरणात रंगभूमीवरची शस्त्रे हलक्या वस्तूंची करावीत आणि प्रत्यक्ष प्रहार न करता तो केवळ अभिनयाने दाखवावा असे सांगितले आहे. जड शस्त्राने नट थकतो, हे कारणही तेथे दिले आहे. दोन हजार वर्षांमागचा हा विचार आम्हांस आजच्या कायद्याइतकाच शहाणा वाटतो. कायदाही काही वेगळे सांगत नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत तलवार, खंजीर ही शस्त्रे आहेतच, आणि 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचा, घरकाम वा शेतीसाठी नसलेला सुराही त्यांतच धरला आहे. मिरवणुकीत धारेची कट्यार मिरवणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसते. ती त्याला विकत घेऊन देणाऱ्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असायला हवे.

शेवटी गावातल्या एका सुताराकडे गेलो. त्याने सागाच्या फळीतून पाते कोरले, कडा गोल केल्या, टोक बोथट ठेवले, पात्याचा मुठीत जाणारा भाग लांब राखून दोन रिव्हेटांनी मूठ पक्की केली आणि वर ॲल्युमिनियमचा रंग दिला. खर्च 350 रुपये. काम झाल्यावर तो उत्साहाने म्हणाला, ‘काका, जूनुं करी आपुं?’ चहाचे पाणी, काजळी आणि थोडा गंजाचा रंग लावला की तीनशे वर्षांचा दिसेल, एखाद्याला जुना म्हणून विकताही येईल, असे त्याचे म्हणणे. माणूस प्रामाणिक होता. त्यात काही वावगे आहे असे त्याच्या मनातही नव्हते.

आम्ही नको म्हटले. पण का, हे त्या क्षणी नीट सांगता आले नाही. उत्तर घरी परतताना जरीच्या दुकानांवरून जाताना मिळाले. आपल्या शहराला हा भेद शिकवावा लागत नाही. चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा ती खरी जरी. तांब्याच्या तारेवर मुलामा ती नकली. आणि प्लॅस्टिकच्या चकचकीत पट्टीची ती प्लॅस्टिक जरी. तिन्ही उघडपणे विकल्या जातात, तिन्हींची गिऱ्हाइके आहेत. गरीब घरातली नवरी प्लॅस्टिक जरीचा शालू नेसून उभी राहते तेव्हा तेथे काही खोटे नसते. खोटेपणा सुरू होतो तो प्लॅस्टिकची जरी खरी म्हणून मोजून दिली जाते त्या क्षणी. स्वस्त असणे हा नकलेचा दोष नव्हे. स्वतःला अस्सल म्हणवून घेणे हा दोष आहे. रंगमंचावर जुना दिसणारा खंजीर चालेल, कारण प्रेक्षकाला ते सोंग आहे हे ठाऊक असते. तोच खंजीर उद्या कुणाच्या दिवाणखान्यात ‘सुरतेच्या स्वारीतला’ म्हणून टांगला गेला, तर सोंगाची लबाडी होईल.

याची साक्ष हल्लीच मिळाली आहे. जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यास आली. ग्रँट डफच्या घराण्याकडून ती त्या संग्रहालयास मिळाली होती. अफजलखानाच्या भेटीत वापरलेली हीच ती वाघनखे, असे सिद्ध करता येत नाही, ही गोष्ट संग्रहालयाने लपवून ठेवलेली नाही. काहींना त्याचा राग आला. आम्हांस मात्र वाटते की, हात जोडण्यास शंका आड येत नाही. मस्तक ज्या स्मृतीपुढे लवते ती स्मृती लोखंडाच्या वयावर अवलंबून असेल, तर ती फार कच्ची म्हणावी लागेल.

येथवर सारे सुलभ होते. पण खंजिराच्या आकाराशी इमान राखा, त्याच्या वयाबद्दल खोटे बोलू नका, असे मुलांना शिकवल्यावर त्यांच्यातल्या एका मुलीने शांतपणे विचारले, ‘मग प्रसंगाशी इमान राखायचे नाही का?’ तिने वाचलेले होते. त्या दिवशी कत्तल थांबवल्यानंतरची हकिगतही इंग्रज वखारीच्या लोकांनी लिहून ठेवली आहे. अँथनी स्मिथ नावाचा इंग्रज तेव्हा छावणीत कैदेत होता. त्याच्या सांगण्यावरून कळते की, काही कैद्यांची डोकी आणि कित्येकांचे हात तोडले गेले. आपल्या संहितेत महाराज उठून उभे राहतात आणि पडदा पडतो. ‘खंजिराचे माप बरोबर आणि गोष्टीचे माप चुकीचे, असे कसे चालेल?’ हा तिचा प्रश्न.

आमच्या मंडळींत एक वयोवृद्ध अण्णा आहेत. ते संतापले नाहीत, दुखावले. ‘जयंती म्हणजे न्यायालय नव्हे,’ ते म्हणाले. ‘आईच्या श्राद्धाला तिचे दोष वाचून दाखवतो का आपण? आणि लिहिणारे कोण, तर वखारवाले. त्यांचा माल धोक्यात होता.’ यातले एकही वाक्य उडवून लावण्याजोगे नाही. साक्षीदार परका होता, भ्यालेला होता, आणि स्वतःच्या धन्यांना हकिगत सांगत होता. शिवाय त्याच परक्यांच्या कागदांवरून आपण कत्तल थांबवल्याचा भागही घेतो. मात्र अडचण नेमकी तेथेच आहे. एकाच साक्षीदाराचे सोयीचे वाक्य प्रमाण आणि गैरसोयीचे वाक्य द्वेषमूलक, असा निवाडा करता येत नाही. साक्ष घ्यायची तर सारी घ्यावी, आणि तिच्याबद्दलची शंकाही सारीच सांगावी.

आणि आम्ही तर सुरतेत राहतो. येथील मातीत त्या चार दिवसांत घर जळालेल्यांची राख आहे. किल्ल्यावरून सुटणाऱ्या तोफांनीही शहराचीच घरे पाडली. वीरजी व्होराची पेढी लुटली गेली. पण डच वखारीचा दिवंगत दलाल मोहनदास पारेख दानशूर होता हे कळल्यावर त्याचे घर सोडून दिले गेले, असे बर्नियरच्या प्रवासवर्णनावरून कळते. कॅपुचिन पाद्र्यांनाही उपद्रव झाला नाही. हा विवेक आणि ते तुटलेले हात एकाच आठवड्यातले आहेत. ज्यांच्या शेजारी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, ज्यांच्या ओट्यावर आमची मुले वाढली, त्यांच्या आठवणीत ‘शिवाजीनी लूट’ हा शब्द आहे. आणि त्यांच्याच मुलांना झवेरचंद मेघाणींचे शिवाजीचे हालरडे ऐकवून निजवले जाते. लुटीची आठवण ठेवूनही ज्या भाषेने त्या नावाची अंगाई केली, तिच्या मोठेपणाला आमचे अर्धे सत्य शोभले नसते.

आम्हांस जे उमगले ते असे. अण्णांच्या श्राद्धाच्या दाखल्यात एक गोष्ट राहून गेली आहे. आईचे दोष आपण वाचत नाही हे खरे, पण ज्यांना तिच्यामुळे दुःख झाले ते शेजारी पंगतीस बसले असतील, तर तिने कुणालाच दुखवले नाही असे मोठ्याने म्हणतही नाही. मौन राखणे आणि खोटी ग्वाही देणे यांत अंतर आहे. जयंती हे न्यायालय नसेल. पण प्रसंगाची पुनर्निर्मिती ही साक्ष आहे. केवळ पूजा करायची तर तसबीर पुरे. ‘हे असे घडले’ म्हणून लोकांपुढे उभे राहिलो की, आपण शपथेवर असतो. शिवाय महाराजांनी कत्तल थांबवली, याची थोरवी तरी केव्हा कळते? त्या क्षणी छावणी किती पेटलेली होती आणि तेथल्या युद्धाची रीत किती कठोर होती हे दिसते तेव्हाच. अंधार पुसून टाकला की दिवाही दिसत नाही.

अखेर प्रयोग असा झाला. खंजीर उपसला गेला, घाव अभिनयानेच दाखवला, महाराज उठून उभे राहिले, आरडाओरडा थांबला. पडदा मात्र पडला नाही. ती मुलगी पुढे आली आणि कैद्यांची हकिगत, ती कुणी लिहिली आणि लिहिणारा कोणत्या स्थितीत होता यासह, साध्या आवाजात वाचून गेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अण्णा पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसून होते. त्यांचे मत बदलले असे ते म्हणाले नाहीत, आम्हीही विचारले नाही. आमचे एक गुजराती शेजारी जाताना एवढेच बोलले की, पुढच्या वर्षी त्यांच्या नातवालाही घ्या, तो इनायतखानाचा माणूस होईल.

तो लाकडी खंजीर आता मंडळाच्या कपाटात आहे. त्याच्या मुठीवर आम्ही बारीक अक्षरांत ‘नाटकासाठी, सुरत’ आणि करणावळीचे वर्ष कोरून घेतले आहे. पन्नास वर्षांनी तो कुणाच्या हाती लागला, तर त्याला कुणी जुना म्हणू नये, एवढीच इच्छा.