डागांची साक्ष

जुन्या वस्तूला नवे करावे, ही इच्छा आपल्याला सहज समजते. सणासुदीपूर्वी घराला चुना देणे, काळवंडलेली समई चिंचेने घासून लखलखीत करणे, झिजलेल्या मूर्तीला वज्रलेप करणे, या साऱ्यांत तीच इच्छा असते. परंतु हाती आलेली कोरी, निष्कलंक वस्तू मुद्दाम मळवावी, तिच्यावर काजळी, तेलाचे ओघळ आणि उन्हाचा फिकटपणा रंगवावा, आणि पाहणाऱ्याने 'ही वस्तू पुष्कळ सोसून आलेली आहे' असे म्हणावे म्हणून रात्री जागवाव्यात, हा उद्योग तितका सहज समजणारा नाही. ती वस्तू युद्धातल्या बाँबफेकी विमानाची प्रतिकृती असेल, तर हा प्रश्न केवळ अभिरुचीचा राहत नाही; तो नीतीचा होतो. संहाराच्या साधनावर आपण वार्धक्याची करुण कळा रंगवावी काय?

हा प्रश्न मला तंजावुरात पडला. तंजावूर म्हटले की मराठी वाचकाला व्यंकोजीराजे, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या प्राकारभिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख आठवतो. या गावाला एक विमानतळही आहे आणि त्याचा इतिहास दुसऱ्या महायुद्धापर्यंत मागे जातो, हे सहसा कोणाच्या ध्यानी नसते. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणम व काकिनाडा या बंदरांवर बाँब टाकले आणि चोळमंडलाचा समुद्र एकाएकी भयाचा झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ब्रिटिश वायुदलाची ३६ क्रमांकाची स्क्वाड्रन तंजावुरात नव्याने उभी राहिली. 'नव्याने' म्हणायचे, कारण जुनी जवळजवळ नामशेष झाली होती. २६ जानेवारी १९४२ रोजी मलायाच्या किनाऱ्यावर एंडाऊ येथे तिची कालबाह्य दुपंखी विमाने जपानी जहाजांवर धाडण्यात आली. त्यांतली बरीच परतली नाहीत. जी माणसे वाचली, त्यांचा प्रवास मार्चमध्ये जावा बेटावर संपला. तंजावुरात या स्क्वाड्रनला वेलिंग्टन जातीची, दोन इंजिनांची बाँबफेकी विमाने मिळाली. बंगालच्या उपसागरावर ती पाणबुड्यांच्या शोधात गस्त घालीत. १९४३ च्या मध्याला ती भूमध्य समुद्राकडे निघून गेली आणि गाव त्यांना विसरले.

त्या वेलिंग्टनची प्रतिकृती मी १/७२ प्रमाणात केली. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार सव्वीस मीटरांहून थोडा अधिक. प्रतिकृतीत तो साडेछत्तीस सेंटिमीटर होतो. या आकारात चूक लपत नाही. रंगाचा थर दशांश मिलिमीटर जाड झाला, तर त्या प्रमाणात तो सात मिलिमीटरांचा गिलावा ठरतो. म्हणून रंग पाण्यासारखा पातळ करून एकावर एक हात द्यावे लागतात. मूळ रंग वाळला की जीर्णतेचे काम सुरू होते. सांध्यांच्या रेषांत गडद, पातळ रंग सोडून वरचा पुसून घ्यायचा. जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. इंजिनाच्या धुराची काजळी खडूच्या भुकटीने मागे ओढायची. ज्या बाजूने ऊन लागते, तो पृष्ठभाग किंचित विटवायचा.

येथे एक नियम लवकरच कळतो. नवशिका रंगारी सर्वत्र चंदेरी ठिपके देतो. रंग उडाला की खालचा पत्रा दिसणार, ही त्याची समजूत. पण वेलिंग्टनची बार्न्स वॉलिस या अभियंत्याने योजलेली रचना निराळी होती. ड्युरॅल्युमिनच्या तिरक्या पट्ट्या टोपलीसारख्या एकमेकींत गुंफलेल्या आणि त्यांवर डोप लावून ताणलेले लिननचे कापड, असे तिचे अंग होते. या विमानाच्या पाठीवरचा रंग उडाला, तर खाली पत्रा नव्हे, कापड असते. तेथे चंदेरी ठिपका हे असत्य आहे. तो इंजिनावरच्या धातूच्या आवरणावर शोभेल; अंगावर मात्र ठिगळ हवे, आणि नंतर लावल्यामुळे त्या ठिगळाचा रंग भोवतीच्या रंगाहून ताजा हवा. म्हणजे डाग मनाला येईल तेथे देता येत नाही. प्रत्येक डागाला कारण लागते. ही वस्तू कशाची बनली होती, तिला कोणी कोठे हात लावला, कोणाचे बूट पंखाच्या मुळाशी घासले, हे जाणल्याखेरीज तिला जुने करण्याचा अधिकार मिळत नाही.

या कारणासाठी मी प्रारंभी माझ्या उद्योगाचे समर्थन करीत असे. तंजावूर हे प्रतिकृतींचे गाव आहे. नेट्टीच्या पांढऱ्याशुभ्र भेंडातून येथे बृहदीश्वराचे देवालय कोरतात. मान डोलावणाऱ्या बाहुल्या घडवतात. सोन्याचा वर्ख लावून बाळकृष्ण रंगवतात. या कलांत जीर्णतेला स्थान नाही आणि ते योग्यच आहे. देवाला काळ लागत नाही, म्हणून त्याच्या सोन्यावर डाग रंगवणे हा विपर्यास ठरेल. पण यंत्र हे देव नव्हे. चकचकीत, नवे कोरे बाँबफेकी विमान मांडणे म्हणजे त्याला नकळत देवत्व देणे. जणू ते कधी कोठे गेलेच नाही, त्याने काही केलेच नाही. डाग त्याला इतिहासात परत आणतात. मळलेले विमान निदान एवढे तरी कबूल करते, की त्यात माणसे बसत होती, थकत होती आणि कित्येकदा परतत नव्हती.

हे समर्थन खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, हे मला उशिरा उमगले. विमानाच्या अंगावर जे डाग पडतात, ते त्याला जे झाले त्याचे असतात; त्याने जे केले त्याचे नसतात. ३० मे १९४२ च्या रात्री हजाराहून अधिक ब्रिटिश विमाने कलोन शहरावर गेली. त्यांत निम्म्याहून अधिक वेलिंग्टन होती. त्या रात्री शहरात साडेचारशेहून अधिक माणसे मेली आणि सुमारे ४५ हजार बेघर झाली. परत आलेल्या विमानांवर काजळी होती, गोळ्यांची भोके होती. कलोनचा मात्र एकही डाग नव्हता. त्या युद्धातल्या अनेक बाँबफेकी विमानांवर वैमानिकाच्या कक्षाखाली बाँबची इवलीशी चित्रे ओळीने काढलेली असत. विमानाच्या कृतीची तेवढीच काय ती खूण. पण तीही फेऱ्या मोजणारी, माणसे न मोजणारी. आपण आणखी एकदा जिवंत परतलो, हा त्या चित्राचा प्रामाणिक अर्थ होता; तो आपण हसण्यावारी नेऊ नये. तथापि खालच्या माणसाचा त्यात उल्लेख नाही.

याचे कारण अंतरात आहे. पाच हजार मीटर उंचीवरून दहा मीटर रुंदीचे घर जेवढे दिसते, तेवढा हाताच्या अंतरावर धरलेला मिलिमीटरभर ठिपका दिसतो. म्हणजे घर मोहरीच्या दाण्याएवढे होते. अंतर वस्तूला लहान करते, आणि लहान वस्तू निरुपद्रवी, सुबक, मालकीची वाटू लागते. हातातली प्रतिकृती मला जशी सुबक वाटते, तसेच वरून पाहणाऱ्याला शहर वाटत असेल, ही तुलना सुखाची नाही. क्रौर्य मनात असावेच लागते असे नाही. पुरेसे अंतर असले की त्याचे काम भागते.

या विचारात असताना बृहदीश्वराच्या गर्भगृहाभोवतीच्या अरुंद प्रदक्षिणामार्गातले एक भित्तिचित्र मला पुन्हा आठवले. नायककालीन रंगाच्या थराखाली चोळांची चित्रे आहेत, हे १९३१ साली एस. के. गोविंदस्वामी यांच्या लक्षात आले. पुढे पुरातत्त्व खात्याने काही ठिकाणी वरचा थर न मोडता उतरवून खालचा मोकळा केला. त्यांत त्रिपुरांतकाचे चित्र आहे. ब्रह्मदेव सारथी झाला आहे, रथावर शिव धनुष्य सज्ज करून उभा आहे आणि आकाशात फिरणारी तीन नगरे एका बाणाने जळून जाणार आहेत. विषय विजयाचा आहे, आणि राजराजासारख्या विजयी सम्राटाच्या देवालयात तो शोभतो. परंतु चोळ चित्रकाराने समोरची बाजू रिकामी सोडलेली नाही. तेथे असुर आहेत, आणि भयाने त्यांना बिलगलेल्या त्यांच्या स्त्रियाही आहेत. शिवाचे कृत्य न्याय्य आहे, याविषयी त्या चित्रकाराला शंका नसावी. तरीही ज्यांच्यावर बाण येत आहे, ते त्याच भिंतीवर, तितक्याच काळजीने रंगवलेले आहेत. न्याय्य संहारालाही त्याने अंतराची सवलत दिली नाही.

माझ्या प्रतिकृतीत नेमकी हीच समोरची बाजू नव्हती. ती आमच्या घरात अनपेक्षितपणे आली. येथील मराठी घरांतूनही नवरात्रात कोलू मांडतात. वरच्या पायऱ्यांवर देव, खाली संतमंडळी आणि माणसे. सर्वांत खाली जमिनीवर मुले एक लहानसे गाव वसवतात. त्यात तळे असते, बाजार असतो, भाजीवाली असते. पुतण्याने हौसेने विमान दोऱ्याने त्या गावावर टांगले. आई दिवा लावायला आली, क्षणभर वर पाहत राहिली आणि म्हणाली, "अरे, खाली माणसं आहेत. काढ ते." पुतण्या म्हणाला, "आजी, मातीच्या बाहुल्या तर आहेत!" आईने उत्तर दिले नाही. दोरा मी सोडला.

महिनाभर मी त्या विमानावर ज्या खुणा रंगवल्या, त्यांनी जे सांगितले नव्हते, ते त्याच्याखाली गाव येताच उघड झाले. शेवटी आम्ही ते गावाच्या कडेला, मोकळ्या वाळूत, चाकांवर उभे केले. १९४२ मध्ये तंजावूरच्या माळावर ते असेच उभे असेल. जमिनीवरच्या विमानाची काजळी माणसांची वाटते; तीच काजळी आकाशात गेली की कोणाच्या तरी छपरावर येते.

तेव्हा जीर्णता रंगवू नये, असे माझे म्हणणे नाही. ती रंगवावी, आणि कापडावर पत्र्याचा डाग देऊ नये इतकी सत्यनिष्ठ असावी. पण आपण एकाच पक्षाची साक्ष नोंदवीत आहोत, याचे भान रंगवणाऱ्याने सोडू नये. दुसऱ्या पक्षाची साक्ष त्या वस्तूवर कोठेच सापडत नाही. ती शोधण्यासाठी वस्तूवरून नजर काढून खाली पाहावे लागते. आज वेलिंग्टन आमच्या कपाटात आहे. तिच्याखाली पुतण्याने आपल्या अक्षरात एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर तीनच ओळी आहेत: विशाखापट्टणम, एप्रिल १९४२. कलोन, मे १९४२. तंजावूर, ऑक्टोबर १९४२.