जुने इंजिन आणि आधाराचा प्रश्न

एखादी जड वस्तू दुसऱ्या वस्तूवर टेकलेली असते, तेव्हा तिला नेमके कोण धरून असते, हा भारतीय तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. नैयायिक त्याला आधार-आधेयाचा संबंध म्हणतात. तुपाचे भांडे घेऊन निघालेल्या पंडिताची गोष्ट याच प्रश्नाची थट्टा करते. तुपाला भांड्याचा आधार की भांड्याला तुपाचा, हे ठरवण्यासाठी त्याने भांडे उलटे केले आणि तूप गमावले. जुने इंजिन उघडण्यासाठी स्टँड निवडणाऱ्यापुढेही हाच प्रश्न असतो, फक्त येथे चूक झाली तर हात किंवा पाय जातो.

कणादाच्या वैशेषिक सूत्रांत पडण्याची मीमांसा मुसळाच्या उदाहरणाने येते. वजन हा वस्तूचा गुण आहे. संयोग, म्हणजे दुसऱ्या वस्तूशी असलेला संपर्क, सुटला की वजनामुळे वस्तू पडते. भाष्यकार प्रशस्तपादांनी वजनाला अडवणारी तीन कारणे मांडली: संयोग, प्रयत्न आणि वेगासारखा संस्कार. वर्कशॉपमध्ये पहिल्या दोहोंची गल्लत घातक ठरते. दोघांनी हातांनी तोलून धरलेले इंजिन प्रयत्नावर उभे असते. प्रयत्न थकतो, म्हणून त्या अवस्थेत बोल्ट शोधत बसायचे नसते. हायड्रॉलिक जॅक संयोगासारखा दिसतो, पण त्याचे बळ आतल्या तेलात आणि सीलमध्ये असते. सील गळू लागले की जॅक हळूहळू बसतो. जॅक आणि चेन कप्पी उचलण्यासाठी असतात. काम करायचे ते घोडीवर किंवा स्टँडवर, भार तेथे पूर्ण उतरल्यावरच.

वैशेषिकांच्या मते संयोग दोन द्रव्यांत राहतो आणि तो अनित्य असतो. त्यामुळे नुसता स्टँड मजबूत असून भागत नाही. आधेयाचा स्वभावही पाहावा लागतो. जुन्या इंजिनाचा ब्लॉक बहुधा बिडाचा असतो. बीड दाब चांगला सोसते, ताण मात्र कमी. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कारखान्यांतून निघालेली शेतीची एक-सिलिंडर इंजिने स्वतःच्या पायांवर उभी राहण्यासाठीच घडवलेली असतात. त्यांना खालून जाड लाकडाची किंवा लोखंडी चॅनेलची बैठक द्यावी आणि मूळ पायांच्याच भोकांतून बोल्ट आवळावेत. जड फ्लायव्हील आधी उतरवून ठेवावे. फियाट किंवा पद्मिनीसारख्या मोटारीचे इंजिन फिरत्या स्टँडवर गिअरबॉक्सच्या बाजूने अडकवता येते, पण तेथे सगळा भार एका टोकाला लटकतो. पत्र्याच्या ऑइल चेंबरवर तर कोणतेही इंजिन टेकवू नये.

लटकत्या भारात वजनाइतकेच अंतर मोजावे लागते. दीडशे किलोच्या इंजिनाचा गुरुत्वमध्य स्टँडच्या प्लेटपासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर प्लेटवर ४५ किलो-मीटरचा पीळ येतो. तोच ४० सेंटिमीटरवर गेला की ६० होतो. वजन तेवढेच राहूनही पीळ एक-तृतीयांशाने वाढतो. बोल्टचे मापही तपासावे लागते. इंग्रजी धाटणीच्या जुन्या इंजिनांचे आटे व्हिटवर्थ मापाचे, ५५ अंशांचे असतात. मेट्रिक आटे ६० अंशांचे. अर्ध्या इंचाच्या भोकात १२ मिलिमीटरचा बोल्ट थोडा शिरतो आणि बसल्याचा भास होतो. तो संयोग नव्हे, संयोगाचा आभास आहे. योग्य आट्याचा बोल्ट निदान स्वतःच्या जाडीइतका आत गेला पाहिजे, बिडात दीडपट गेलेला बरा.

स्थैर्य या कल्पनेतही दोन गोष्टी दडलेल्या आहेत: न डुगडुगणे आणि न उलटणे. तीन पायांचा स्टँड खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही, कारण तीन टोके नेहमी एका प्रतलात बसतात. मात्र त्याचा पाया त्रिकोणी असल्याने तो कडेला लवकर कलंडतो. चार पायांचा स्टँड रुंद पाया देतो, पण जमीन सपाट नसेल तर एक पाय अधांतरी राहतो. इंजिन फिरवताना गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा पायांच्या घेराबाहेर जाता कामा नये, ही कसोटी दोन्हींना सारखीच. उंचीबाबत गीतेच्या सहाव्या अध्यायातले आसनाचे माप येथेही लागू पडते: फार उंच नको, फार खाली नको. उंचावर नेलेला भार लहानशा धक्क्यानेही कलतो. फार खाली ठेवला तर वाकून काम करणाऱ्याचा तोल जातो.

यापुढचा प्रश्न स्टँडच्या आधाराचा. अशाच प्रश्नाला भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’त तोंड दिले. पृथ्वीला कोणी धरले आहे असे म्हटले, तर त्या धरणाऱ्याला दुसरा, त्याला तिसरा आधार लागतो आणि अनवस्था ओढवते. शेवटच्याला स्वतःची शक्ती मानायचीच, तर ती पहिल्यालाच का मानू नये, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

खगोलात ही साखळी पृथ्वीपाशी थांबते. कारागिराला ती पायाखालच्या जमिनीपाशी, तपासून, थांबवावी लागते. उदाहरणार्थ, भाईंदरहून उत्तनकडे जाताना लागणाऱ्या मुर्धा, राई, मोर्वा या पट्ट्यात खाडी आणि मिठागरे जवळ आहेत. अशा सखल भागात भरावावर केलेला कोबा वरून सपाट दिसला, तरी खालची माती बसलेली असू शकते. हातोडीने ठोकल्यावर बद्द, पोकळ आवाज आला तर तेथे स्टँडचा पाय ठेवू नये. जाड लोखंडी प्लेट टाकून भार पसरावा किंवा जागा बदलावी. खारी हवा बोल्ट आणि चाकांच्या पिना खाते, म्हणून गेल्या वर्षीचा संयोग यंदाही टिकला आहे असे गृहीत धरता येत नाही.

खंडेनवमीला अवजारांची पूजा होते, तेव्हा स्टँडलाही हळदकुंकू लागते. या पूजेने बोल्ट घट्ट होत नाही, आणि तिचा तसा दावाही नाही. ज्याच्यावर जीव टाकायचा त्याची दखल घेणे हा तिचा अर्थ, आणि तपासणी हे त्याच दखलेचे रोजचे रूप आहे. इंजिनाखाली हात घालणाऱ्या मदतनीसाने स्टँड निवडलेला नसतो. तो निवडणाऱ्यावर विसंबतो. त्यामुळे भार लोखंडावर उतरला, तरी जबाबदारी निवडणाऱ्याकडेच राहते.