दुपार कुणाची?

मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने एक मागणीपत्र तयार केलं आणि सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ठेवलं. रविवारी सुट्टी हवी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याची मजुरी बुडू नये. आणि दुपारी अर्धा तास सुट्टी हवी. यातला रविवार १० जून १८९० रोजी पदरात पडला आणि तो लोखंड्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. दुपारच्या अर्ध्या तासाची आठवण मात्र कुणी फारशी काढत नाही. मला त्या यादीत तीच मागणी सर्वांत खोल वाटते. पहाटेपासून साच्यासमोर उभा असलेला माणूस दुपारी सकाळइतका ताजा नसतो, आणि हा त्याच्या चारित्र्याचा दोष नाही, एवढं साधं सत्य त्या मागणीत मालकांना ऐकवलेलं होतं.

आज हेच सत्य पुस्तकांतून, शिबिरांतून आणि मोबाइलवरच्या ॲपमधून विकत मिळतं. वेळेचं नियोजन जुनं झालं, आता ऊर्जेचं नियोजन करा, असं त्यात सांगतात. पाचला उठा, अवघड काम आधी उरका, दर दीड तासाने थांबा, पाणी प्या, चार पावलं चाला. सल्ला वाईट नाही. खटकतं ते एवढंच, की तो देणारा ज्याला ‘तुम्ही’ म्हणतो त्याचा अख्खा दिवस त्याच्या स्वतःच्या मालकीचा आहे असं गृहीत धरलेलं असतं. तसा माणूस माझ्या ओळखीत नाही. निवृत्त लोकांनाही नातवंडांच्या शाळेच्या बसची वेळ पाळावी लागते.

आधी शरीराकडे बघू. आपल्या तरतरीचा हिशेब दोन गोष्टी मिळून ठरवतात, अशी मांडणी झोपेचे अभ्यासक अलेक्झांडर बोरबेली यांनी १९८२ मध्ये केली आणि ती अजून टिकून आहे. एक म्हणजे झोपेची ओढ. जाग आल्यापासून मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि जितका वेळ जागे राहू तितकी ही ओढ वाढते. दुसरं म्हणजे शरीरातलं चोवीस तासांचं घड्याळ. ते दिवसभर जागं ठेवणारा जोर लावतं आणि तो जोर संध्याकाळपर्यंत चढत जातो. दुपारी साधारण एक ते तीनच्या दरम्यान ओढ बरीच साठलेली असते आणि घड्याळाचा जोर अजून पुरेसा चढलेला नसतो. म्हणून पेंग येते. आपण तिचं खापर वरण-भातावर फोडतो. भरपेट जेवणाने ती वाढते हे खरं, पण दुपारी न जेवणाऱ्यालाही ती चुकत नाही. आणि सहा-सातला, दिवसभर राबल्यावरही, माणसाला पुन्हा हुशारी येते ती याच घड्याळामुळे.

चहाचं कामही यातच येतं. अ‍ॅडेनोसिन मेंदूत जिथे जाऊन चिकटायचं, त्या जागा कॅफीन अडवून धरतं. साठा तसाच राहतो, फक्त त्याची वर्दी पोचत नाही. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक थोडं कमी-जास्त. पाचच्या कडक चहाचा अंमल त्यामुळे रात्री दहाच्या अंथरुणापर्यंत येतो, आणि दुसऱ्या दिवशीची पेंग आदल्या संध्याकाळीच पक्की होते.

झोपेची ओढ आणि शरीराचं घड्याळ, या दोन गोष्टींत माणसाच्या निश्चयाला फार जागा नाही. तरी आपण सगळा भार निश्चयावर टाकतो. मध्यंतरी निश्चयाचंही शास्त्र झालं होतं. रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये असा प्रयोग मांडला, की समोरची चॉकलेटची बिस्किटं टाळून मुळे खायला लावलेली माणसं नंतरचं कोडं लवकर सोडून देतात. त्यावरून इच्छाशक्ती टाकीतल्या पाण्यासारखी वापरली की संपते, हा समज जगभर पसरला. २०१६ मध्ये तेवीस प्रयोगशाळांनी मिळून हा परिणाम पुन्हा तपासला, तेव्हा त्यात जवळपास काहीच हाती लागलं नाही. टाकीची ती कल्पना तरीही व्याख्यानांतून अजून ऐकू येते. थकवा खरा आहे, घड्याळ खरं आहे. पण माणूस म्हणजे सकाळी भरून संध्याकाळी रिकामं होणारं भांडं नव्हे. दुपारी मरगळलेला माणूस संध्याकाळी तालमीला जाऊन दोन तास खणखणीत आवाजात संवाद म्हणतो, हे हौशी नाटक करणाऱ्या कुठल्याही मंडळात दिसेल.

मग दुपारचं करायचं काय? पुण्याच्या दुकानदारांनी याचं उत्तर फार पूर्वी दिलं आणि त्याबद्दल उभ्या महाराष्ट्राची टिंगल सोसली. ‘दुकान १ ते ४ बंद राहील’ या पाटीवर विनोद करणाऱ्यांनी त्या पाटीमागचा व्यवहार बघितला नाही. सकाळी लवकर उघडायचं, रात्री उशिरापर्यंत बसायचं, तर मधली तीन तासांची पोकळी ही चैन नसून त्याच दिवसाची तुळई होती. उन्हात गिऱ्हाईकही फिरकत नसे. वामकुक्षी घेऊन उठलेला मालक चारला पुन्हा गल्ल्यावर बसे. पुढे मोठमोठ्या दुकानांनीही दुपारी दारं उघडी ठेवायला सुरुवात केली. गिऱ्हाईकाची सोय झाली, यात शंका नाही. फक्त त्या पाटीची भाषा थोडी सौम्य असती तर पुणेकरांना आज कामाच्या शास्त्राचे आद्य प्रवर्तक म्हणता आलं असतं.

दुपारच्या झोपेबद्दल आपले जुने वैद्य पुण्याइतके उदार नव्हते. आयुर्वेदाने दिवसाची झोप मुख्यतः ग्रीष्मात मान्य केली, आणि एरवी लहान मुलं, वृद्ध, श्रमाने किंवा प्रवासाने थकलेले यांना. वाग्भटाने व्यायामाबद्दल मात्र एक फार शहाणी मर्यादा घातली आहे. धडधाकट माणसानेही थंडीत आणि वसंतात आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी. शंभर टक्के, एकशे दहा टक्के असली भाषा रोज ऐकणाऱ्या कानांना हे निम्मं जवळजवळ बंडखोर वाटतं.

दुपारच्या डुलकीची आधुनिक परीक्षा आपल्याच देशात, चेन्नईत झाली. काही अर्थशास्त्रज्ञांनी कमी उत्पन्नाच्या साडेचारशेवर माणसांना डेटा भरण्याचं काम देऊन त्यांची झोप मोजली. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसं रात्री आठ तास अंथरुणात असत, प्रत्यक्ष झोप साडेपाच तासांच्या आसपास. उकाडा, डास, गोंगाट; डोळा लागायचा आणि उघडायचा. काहींना पंखे, गाद्या, डोळ्यांवरच्या पट्ट्या आणि सल्ला देऊन रात्रीची झोप जवळपास अर्ध्या तासाने वाढवली. कामावर त्याचा काही परिणाम दिसला नाही. काहींना कामाच्या जागीच, शांत कोपऱ्यात, दुपारी अर्धा तास झोपू दिलं. त्यांचं काम सुधारलं, लक्ष सुधारलं, मनही थोडं बरं राहिलं.

या अभ्यासातली एक बाब सहसा सांगितली जात नाही. तो अर्धा तास झोपणाऱ्याच्या कामाच्या वेळातून वजा होत होता, त्यामुळे तेवढा वेळही न थांबता काम करणाऱ्यांपेक्षा झोपणाऱ्यांची दिवसाची कमाई कमी भरली. म्हणजे डुलकीने माणूस अधिक चांगला कामगार झाला आणि त्याची किंमत त्यानेच भरली. ऊर्जेच्या सगळ्या सल्ल्यांमधला कळीचा प्रश्न मला इथे दिसतो. विश्रांती लागते यावर सगळ्यांचं एकमत आहे. ती कुणाच्या खात्यातून घ्यायची, यावर नाही.

फ्रेडरिक टेलर हे नाव कामगार चळवळीत कधी प्रेमाने घेतलं गेलं नाही. हातात घड्याळ घेऊन मजुरांच्या हालचाली मोजणारा हा अमेरिकी अभियंता. १९११च्या त्याच्या पुस्तकात बेथलेहेम पोलाद कारखान्यातला किस्सा आहे. लोखंडाचे सुमारे बेचाळीस किलोचे ठोकळे उचलून गाडीत टाकणारे मजूर दिवसाला साडेबारा टन माल हलवत. टेलरने एकाला हाताशी धरून तो आकडा सत्तेचाळीसवर नेला. इतिहासकारांनी या गोष्टीतली बरीच अतिशयोक्ती पुढे उघडी केली आहे. पण टेलरने स्वतः दिलेला हिशेब वाचण्यासारखा आहे: इतक्या जड कामात माणूस दिवसाचा त्रेचाळीस टक्के वेळच ओझ्याखाली राहू शकतो, उरलेले सत्तावन्न टक्के त्याच्या अंगावर भार नको. कष्टाचा कस काढायला निघालेल्या माणसालाही अर्ध्याहून जास्त दिवस मोकळा ठेवावा लागला. याच पुस्तकात त्याने या मजुराची बुद्धी बैलाच्या जवळची असल्याचं लिहून ठेवलं आहे.

ज्यांच्याकडे खरे बैल होते त्यांचं वागणं कसं होतं? तांबडं फुटता औत धरायचं आणि उन्हं चढली की सोडायचं. बैलांना पाणी दाखवायचं, सावलीत बांधून वैरण टाकायची. भर दुपारी औत हाकणाऱ्याला गाव नावं ठेवी. बैल बसला तर हंगाम बसतो, हे शेतकऱ्याला कुणी शिबिरात शिकवलं नव्हतं. बैलाच्या दमसासाची किंमत मालकाच्या खिशातून जात होती, म्हणून मालक तो जपत होता. मजुराच्या दमसासाची किंमत मजूर स्वतः भरतो. पहाटे अंधारात फडात शिरणाऱ्या ऊसतोड बाईला तिच्या ऊर्जेचा आलेख कसा काढायचा हे सांगायला जाणारा माणूस मला तरी दाखवून द्या. उचल घेतलेली असते, कोयता थांबला तर खाडा लागतो.

इतकं लांब जायलाही नको. सरकारने २०१९ मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं गेली होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. हा सगळा बिनपगारी वेळ. पाच तास हे काम आणि वर नोकरी, अशा बाईच्या दिवसात ‘आपले सर्वोत्तम दोन तास राखून ठेवा’ हा सल्ला कुठे ठेवायचा? तिचे सकाळचे ताजे तास डब्यात जातात, शब्दशः. तरतरी परत येते ती सहा-सातला, तेव्हा कणीक मळायची असते.

मुलांचीही हीच गत. ८ फेब्रुवारी २०२४ च्या आदेशाने राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. चांगलं केलं. पण वयात येताना घड्याळ उशिराकडे सरकतं ते त्याहून मोठ्या मुलांचं. रात्री त्यांना लवकर झोप येत नाही आणि सकाळी जाग येत नाही, हे कित्येक वर्षं दिसून आलेलं आहे. कॅलिफोर्नियाने त्यासाठी कायदा केला आणि माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवायला बंदी घातली. आपल्या आदेशात ही मुलं नाहीत. सातच्या तासाला पेंगणाऱ्या नववीतल्या मुलाला आपण अजून आळशीच म्हणतो.

कायद्याचं बोलायचं तर गिरणीतला तो अर्धा तास १९४८च्या कारखाने कायद्यातही होता: सलग पाच तासांहून जास्त काम नाही, मध्ये किमान अर्धा तास थांबायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला कामाचा दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्याला आणि पाच तासांनंतरची विश्रांती सहा तासांनंतर देण्याला मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत, जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, हेही त्यात आहे. कागदावर बेरीज तीच राहते. पण बारावा तास हा दुसऱ्या तासासारखा तास नसतो. यंत्रावरच्या हाताला हा फरक कळतो, बेरजेला कळत नाही. आठवड्याला सत्तर-नव्वद तासांचा आग्रह धरणाऱ्या उद्योगपतींच्या बेरजेलाही नाही.

मग ज्याच्या हातात दिवसाचा एखादा तुकडा तरी आहे त्याने काय करावं? आपले बरे दोन तास कोणते ते आठवडाभर बघून ठरवावं, दुसऱ्याचे उसने घेऊ नयेत. पाचला उठणं हा कुणाचा स्वभाव असतो, सगळ्यांचा नाही. त्या दोन तासांत डोक्याचं काम करावं, मेसेजना उत्तरं देऊ नयेत. बिलं, फायली, फोन यांच्यासाठी दुपार पडलेलीच आहे. डुलकी घ्यायची तर वीस मिनिटांची. तासभर झोपलं की डोकं बरेचदा जड होऊन उठतं. चहा चारच्या आत. यापलीकडचा बराचसा सल्ला विकणाऱ्याच्या सोयीचा असतो.

माझी विनंती मात्र दुसऱ्यांना आहे, ज्यांच्या हातात इतरांचं वेळापत्रक असतं त्यांना. सकाळी दहाची मीटिंग तीनला घ्या. पेंगत का होईना पण ती होईल, आणि माणसांचे ताजे तास कामाला लागतील. घरी दुपारी जी आडवी झाली आहे तिला दार उघडायला उठवू नका. आणि ऑफिसात एखादी खोली रिकामी पडून असेल तर तिथे दुपारी दोन सतरंज्या टाका, दिवा बंद ठेवा, त्या अर्ध्या तासाचा पगार कापू नका आणि आत कोण गेलं याची नोंदवही ठेवू नका.