कापड सांगेल तसा कपडा

शिंपी आधी माप घेतो, मग कापड मागतो. उरलेल्या तुकड्यांतून स्वतःचा कपडा शिवायचा तर हा क्रम उलटतो. हाताशी काय आहे ते आधी, बाही केवढी ते नंतर. मला हाच क्रम शहाणपणाचा वाटतो.

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याकडच्या घरांना तुकडे जोडणं शिकवावं लागत नाही. जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने जोडून गोधडी होते, वापरून मऊ झालेल्या धोतरातून तान्ह्याचं झबलं निघतं. पण गोधडी पांघरायची असते. अंगात घालायच्या कपड्याला जोड दिसला की लोकांना गरिबी दिसते. इथे रंग मदतीला येतो. दोन ताग्यांतले दोन लाल शेजारी ठेवले की त्यांचं जमत नाही. मातकट, राखाडी, बदामी मात्र एकमेकांना सांभाळून घेतात. मोतिया दोऱ्याचं एकच रीळ सगळ्यांवर चालतं.

असा रंग जिल्ह्यातच तयार होतो. मालेगावच्या यंत्रमागावरून उतरणाऱ्या कोऱ्या कापडाला व्यापारी ‘ग्रे’ म्हणतात, पण सुती असेल तर ते असतं सायीच्या रंगाचं, मध्येमध्ये सरकीच्या टरफलाचे बारीक ठिपके. रंगाईसाठी त्यातलं बरंच राजस्थानात पाली-बालोतऱ्याकडे जातं. या कोऱ्या कापडात खळ असते आणि पहिल्या धुण्यात ते आटतं. म्हणून सगळे तुकडे रात्रभर भिजवून, वाळवून मगच कात्री लावावी. नाहीतर एक तुकडा आटतो, शेजारचा आटत नाही आणि शिवण कायमची चुणते. उभा धागाही उभाच ठेवायला हवा. आडवा लागलेला तुकडा ताणून लोंबतो.

जुन्या सदऱ्याची कापणी मला फार मोलाची वाटते. अंग सरळ, बाह्या सरळ, बाजूला कळ्या, काखेत चौबगळा. सगळे चौकोन आणि त्रिकोण, त्यामुळे वाया जवळजवळ काही जात नाही. तळहाताएवढा चौबगळा वेगळ्या तुकड्याचा लावला तरी हात वर करेपर्यंत कोणाला दिसत नाही, आणि हात मोकळा फिरतो तो त्याच्याच जोरावर. शिवणीच्या कडा आत दुमडून दुसरी टीप मारावी, पण थर वाढवू नयेत. सुरगाण्याच्या पावसाळ्यात जाड जोड दिवस दिवस ओलाच राहतो.

फिके रंग म्हणजेच सुरुची, असं मात्र मी म्हणणार नाही. मजुरीच्या पैशातून गडद लाल किंवा हिरवं लुगडं निवडणाऱ्या बाईची आवड तितकीच चोखंदळ आहे. मळकट रंग तिच्या वाट्याला नाइलाजाने पुष्कळ आलेले असतात. खटकतं ते वेगळंच. साधेपणाच्या नावाखाली नवंकोरं कापड मातकट रंगवून महाग विकलं जातं. त्या रंगासाठी पुन्हा पाणी खर्च होतं, पुन्हा रसायनं लागतात आणि कापणीत पुन्हा तुकडे उरतात.