आपले ते माफ, दुसऱ्याचे कसे माफ करणार?

सामान्य काळातील तेविसावा रविवार
वाचने: यहेज्केल 33:7-9, रोमकरांस 13:8-10, मत्तय 18:15-20



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्यावर एक अवघड काम सोपवतो. भावाने अपराध केला तर आधी त्याला एकांतात भेटून त्याची चूक दाखवायची. त्याने ऐकले नाही तर एकदोघांना सोबत न्यायचे. तरीही ऐकले नाही तर ख्रिस्तसभेला सांगायचे. ऐकायला हे सोपे वाटते, पण आपली सवय वेगळी आहे. समोर गप्प बसायचे आणि पाठीमागे बोलायचे, हे आपल्याला चांगले जमते. तोंडावर सांगणे मात्र जमत नाही.

हे वचन नीट समजावे म्हणून आज आपण एका खेळाचे उदाहरण घेऊ. खेळ आहे गोल्फ. आपल्या धर्मग्रामात तो खेळणारे फारसे कुणी नसतील. पण ह्या खेळात एक प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो आणि तो थेट आजच्या शुभवर्तमानाशी येऊन भिडतो.

गोल्फमध्ये 18 होलांच्या मैदानावर कमीत कमी फटक्यांत चेंडू प्रत्येक होलमध्ये घालायचा असतो. हौशी खेळाडूंसाठी तिथे ‘हँडीकॅप’ची सोय आहे. कच्च्या खेळाडूला त्याच्या कुवतीप्रमाणे काही फटके सूट मिळतात. त्यामुळे नवखा आणि मुरलेला, तरुण आणि सत्तरीचे आजोबा बरोबरीने खेळू शकतात. सोय सुंदर आहे, पण ती उभी आहे माणसाच्या प्रामाणिकपणावर. क्रिकेटमध्ये अंपायर डोळ्यांसमोर उभा असतो. गोल्फच्या साध्या क्लब स्पर्धेत प्रत्येक खेळाडूमागे पंच नसतो. आपला हँडीकॅप किती, आपण स्पर्धेला पात्र आहोत की नाही, हे खेळाडूनेच खरे सांगायचे असते.

आता समजा, फक्त हौशी खेळाडूंसाठी जोड्यांची बाद फेरीची स्पर्धा चालू आहे. एक जोडी हरते. हरल्यावर त्यांना कळते की समोरच्या जोडीतला एक जण पैसे घेऊन गोल्फ शिकवतो. म्हणजे नियमाने तो हौशी राहिलेला नाही आणि ह्या स्पर्धेत खेळायला पात्र नाही. आता ह्या दोघांनी काय करावे? स्पर्धेच्या समितीला सांगावे की गप्प बसावे?

गप्प बसण्याची कारणे आपल्याला पाठ आहेत. ‘हरलात म्हणून तक्रार करता, असे लोक म्हणतील.’ ‘खेळच तो, त्यात एवढे काय?’ ‘वाईटपणा आपणच का घ्यायचा?’ आणि सर्वात गोड कारण म्हणजे, ‘आपण ख्रिस्ती माणसे, आपण क्षमा करावी.’

ह्या शेवटच्या कारणाकडे जरा नीट पाहू या, कारण ते धार्मिक कपडे घालून येते. आणि त्याचे उत्तर, आश्चर्य वाटेल, पण गोल्फच्या नियमांतच आहे. हे नियम स्कॉटलंडमधील आर अँड ए आणि अमेरिकेतील यूएसजीए ह्या दोन संस्था मिळून ठरवतात. खेळाचे दोन मुख्य प्रकार आहेत. ‘मॅच प्ले’मध्ये सामना दोन बाजूंमध्ये असतो. तिथे समोरच्याकडून नियम मोडला गेला आणि ते आपल्या लक्षात आले, तर त्याकडे दुर्लक्ष करण्याची मुभा आहे. नुकसान आपले असते, म्हणून सोडून द्यायचे की नाही हे आपण ठरवायचे. मात्र दोघांनी संगनमत करून नियम बाजूला ठेवला तर दोघेही बाद होतात.

‘स्ट्रोक प्ले’मध्ये एकाच वेळी सर्वांची सर्वांशी स्पर्धा असते. तिथे कुणी नियम मोडून ते दडवत आहे असे दिसले, तर इतर सर्व खेळाडूंच्या हितासाठी ते लगेच सांगावे, अशी अपेक्षा नियम करतो. त्या खेळाडूलाच सांगा, त्याचे गुण लिहिणाऱ्याला सांगा, पंचाला सांगा किंवा समितीला सांगा. जाणूनबुजून गप्प राहणे हा गंभीर गैरप्रकार आहे असे समितीला वाटले, तर ती गप्प राहणाऱ्यालाही बाद करू शकते.

बंधुभगिनींनो, हा फरक मनात ठेवण्यासारखा आहे. जे नुकसान केवळ माझे, ते मी माफ करू शकतो. जे नुकसान दुसऱ्याचे, ते माफ करण्याचा अधिकार मला कुणी दिला? अपात्र खेळाडू आपल्याला हरवून पुढे जातो. तो आपल्या आधी कुणाला तरी हरवून आलेला असतो आणि उद्या आणखी कुणाला हरवणार असतो. त्या सर्वांच्या वतीने आपण परस्पर क्षमा करून टाकली, तर ती क्षमा नव्हे. ते दुसऱ्याच्या खिशातून केलेले दान आहे. म्हणूनच पात्रतेच्या बाबतीत गोल्फचा नियम मुदत ठेवत नाही. स्पर्धा संपून निकाल लागल्यावरही अपात्र खेळाडू उघडकीस आला, तर तो स्पर्धेत उतरलाच नव्हता असे धरून निकाल दुरुस्त केला जातो.

हा प्रश्न किरकोळ नाही हे 1955 साली अमेरिकेत दिसून आले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील डीपडेल ह्या क्लबच्या स्पर्धेत दोन पाहुण्या खेळाडूंनी 17 आणि 18 असे भरघोस हँडीकॅप लावले आणि ते जिंकले. प्रत्यक्षात ते त्याहून कितीतरी सरस खेळाडू होते. त्या स्पर्धेवर लिलावाच्या पद्धतीने मोठ्या रकमेच्या पैजा लागल्या होत्या. ह्या पद्धतीला तिकडे ‘कॅलकटा’ म्हणतात आणि ते नाव आपल्या कलकत्त्यावरूनच पडले आहे. प्रकरण बाहेर आले तेव्हा सगळ्या खेळाची नाचक्की झाली आणि यूएसजीएने अशा पैजांविरुद्ध ठाम भूमिका घेतली. लबाडी केली दोघांनी, पण त्यानंतर संशयाने पाहिले गेले ते हजारो सरळ माणसांकडे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. पण मुठीत निखारा असेल तर झाकून हातच भाजतो.

आजच्या पहिल्या वाचनात देव यहेज्केलला पहारेकरी नेमतो. संकट दिसत असून पहारेकऱ्याने इशारा दिला नाही, तर अपराधी आपल्या अपराधात मरेल, पण त्याचा जाब पहारेकऱ्याला विचारला जाईल. पहारेकऱ्याच्या हातात शिंग असते, तलवार नसते. शिक्षा करणे हे त्याचे काम नव्हे. त्याने फक्त वेळेवर शिंग फुंकायचे. दुसऱ्या वाचनात संत पौल सांगतात की प्रीती शेजाऱ्याचे वाईट करीत नाही. डोळ्यांसमोरचा तेवढाच आपला शेजारी नव्हे. ज्याची जागा गेली आणि ज्याला ते कळलेही नाही, तोही आपला शेजारीच आहे.

मग चहाडी आणि साक्ष ह्यांत फरक कसा ओळखायचा? लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात दोन आज्ञा लागोपाठ येतात. सोळाव्या ओवीत चहाड्या करीत फिरू नको, असे सांगितले आहे. लगेच सतराव्या ओवीत शेजाऱ्याला त्याचा दोष स्पष्टपणे दाखव, नाहीतर त्याच्या पापाचा भार तुझ्यावर येईल, असे बजावले आहे. दोन्ही एकाच देवाच्या आज्ञा आहेत. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणानुसारही योग्य कारणाशिवाय दुसऱ्याचे दोष उघड करणे हे आठव्या आज्ञेविरुद्ध पाप आहे. आणि संत थॉमस अक्वायनस शिकवतात की गुप्त अपराधाबद्दल आधी खाजगीत समज द्यावी. पण अपराध इतरांना घातक असेल आणि खाजगी समजावणीने तो थांबणार नसेल, तर तो उघड करणे हेच कर्तव्य ठरते.

तेव्हा त्या हरलेल्या जोडीने प्रभूच्याच पायऱ्यांनी चालावे. पहिली पायरी, खात्री करून घेणे. ऐकीव गोष्टीवर कुणाचे नाव घेऊ नये. कदाचित नियम आपल्यालाच नीट ठाऊक नसेल. दुसरी पायरी, त्या माणसाला एकट्याला भेटणे. ‘तुम्ही शिकवण्याचे पैसे घेता असे आमच्या कानावर आले. तसे असेल तर तुम्हीच समितीला सांगा, आम्ही दोन दिवस थांबतो.’ एवढे बोलले की त्याला मानाने मागे फिरायला वाट मिळते. तिसरी पायरी, त्याने ऐकले नाही तर समितीला सांगणे, तेही स्वतःच्या नावानिशी. निनावी चिठ्ठी पाठवणे किंवा चहाच्या टेबलावर कुजबुजणे ही साक्ष नव्हे. आणि सांगून झाल्यावर निर्णय समितीवर सोपवून घरी जावे.

त्याआधी आपण स्वतःच्या मनालाही दोन प्रश्न विचारावेत. आपण जिंकलो असतो तरी हे सांगितले असते का? आणि तो अपात्र खेळाडू आपलाच जोडीदार असता तर? दोन्ही उत्तरे ‘हो’ असतील तर आपण सत्यासाठी बोलत आहोत. ‘नाही’ असतील तर आधी आपली सूडबुद्धी प्रभूपुढे ठेवावी. मात्र ते निमित्त करून गप्पही राहू नये. मन पूर्ण शुद्ध होण्याची वाट पाहत बसलो, तर कुणीच कधी खरे बोलणार नाही.

गोल्फचे मैदान आपल्यापासून दूर असेल, पण हा प्रश्न दूर नाही. गावातल्या क्रिकेट स्पर्धेत बाहेरचा खेळाडू दुसऱ्याच्या नावावर उतरवला जातो. चौदा वर्षांखालील संघात सोळा वर्षांचा मुलगा खेळवला जातो. जन्मतारखेचा कागद मोठी माणसेच तयार करतात आणि टाळ्याही तीच वाजवतात. त्या दिवशी वर्षभर सराव केलेला एखादा खरा तेरा वर्षांचा मुलगा कडेला बसून राहतो. पहिला धडा त्याला कोणता मिळतो? खरे वय सांगणारा बाहेर बसतो, हा. शिष्यवृत्तीची यादी असो, गरजू कुटुंबांच्या मदतीची यादी असो, अपात्र नाव आत शिरले की पात्र नाव बाहेर पडते. बाहेर पडलेल्याचा आवाज सहसा ऐकू येत नाही. म्हणून ज्याला दिसते त्याने बोलायचे.

एक गोष्ट विसरू नये. आजचा उतारा मत्तयच्या अठराव्या अध्यायात कुठे येतो ते पाहा. त्याच्या आधी हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे. त्याच्या नंतर लगेच पेत्र विचारतो की भावाला किती वेळा क्षमा करावी, आणि प्रभू त्याला हिशेबच ठेवू देत नाही. म्हणजे चूक दाखवणे हे शोधून आणणे आणि क्षमा करणे ह्यांच्या मधोमध बसलेले आहे. जो ऐकत नाही त्याला जकातदारासारखा समजा, असे प्रभू म्हणतो. पण हे शुभवर्तमान ज्याच्या नावाने ओळखले जाते तो मत्तय स्वतः जकातदार होता, आणि प्रभू त्याच्या घरी जेवायला बसला होता. तेव्हा स्पर्धेतून बाहेर गेलेल्या माणसाला पुढच्या रविवारी आपल्या बाकावर जागा करून देणे, हाही त्याच आज्ञेचा भाग आहे.

ह्या आठवड्यात आपण प्रत्येकाने आठवून पाहू या: कुणाची चूक मी चार जणांना सांगितली, पण त्याला स्वतःला सांगितली नाही? त्याच्याकडे एकदा एकट्याने जाऊ या.

प्रभू येशू, बोलायचे तेव्हा आम्हांला धैर्य दे, बोलताना जिभेवर प्रीती दे आणि बोलून झाल्यावर मनात क्षमा दे. आमेन.