सुचलेलं कोणाचं?

निर्मात्याला मालिकेची कल्पना ऐकवायच्या आधी बहुतेक ठिकाणी एका कागदावर सही करावी लागते. याच धर्तीचं काही आमच्याकडे आधीपासून चालू असू शकतं, त्यावर तुमचा दावा राहणार नाही, असा त्या मजकुराचा अर्थ. सही करताना मनात आलं, हा दावा मुळात आहे तरी कोणाचा?

माझी मालिका एसटीच्या मुक्कामी गाडीची. रात्री शेवटच्या गावात थांबणारी, पहाटे दूधवाल्यांना आणि कॉलेजच्या पोरांना घेऊन तालुक्याला परतणारी. वडील पाटण आगारात कंडक्टर होते. कोयनेच्या खोऱ्यातल्या गावांत ते देवळात झोपायचे, नाहीतर गाडीतच. त्यांनी सांगितलेल्या गोष्टींतून पायलट एपिसोड उभा राहिला. पण त्या गोष्टी त्यांच्या एकट्याच्याही नव्हत्या. ड्रायव्हरच्या होत्या, रात्री भाकरी आणून देणाऱ्या घरांच्या होत्या.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याखाली मांडणीला संरक्षण मिळतं, नुसत्या कल्पनेला नाही. ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आपल्या ‘हम हिंदुस्तानी’ नाटकावरून उचलला, अशी आर. जी. आनंद यांची तक्रार होती. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की विषय सारखा असला तरी मांडणी वेगळी आहे. नाटककार हरले. म्हणून मी वनलाइनवर थांबले नाही. संवादांसकट एपिसोड लिहून स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवला. व्यवहारापुरतं एवढं पुरे.

मनाला पटणारं उत्तर मात्र तुकोबांकडे मिळालं. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि अपुरं राहिलेलं कवित्व पुरं करायला सांगून गेले, असं तेच एका अभंगात सांगतात. काम नामदेवांचं, बोलवणारा विठ्ठल. तरी अभंगाच्या शेवटी नाव तुकोबांचं. आणि त्याच गाथेत, दुसऱ्यांच्या वचनांची मोडतोड करून ती आपली म्हणून मिरवणाऱ्या सालोमालोवर केवढा संताप! बोल आपले नसतील तर राग कशाचा? मला वाटतं, तो मालकी गेल्याचा नाही, बोल नासवल्याचा आहे. नाव घालणारा त्या बोलांना जामीन राहतो. ते खरे आहेत का, हे पुढे त्याला विचारायचं.

एका बैठकीत मला सांगितलं, कंडक्टर बाई करा. केली. गाडीचा मार्ग बदला. बदलला. मग म्हणाले, पाण्याचा तांब्या देण्याआधी म्हातारी कंडक्टरची जात विचारते, तो प्रसंग काढा, प्रेक्षक दुखावतील. त्या रात्री वडील तहानलेलेच गाडीत येऊन झोपले होते. मी नाही म्हटलं. मुक्कामी गाडीची कल्पना खुशाल कोणीही घ्यावी, मी ती मालिका पहिल्या भागापासून आवडीने बघेन. पण जिथे माझं नाव लागेल, तिथे ती म्हातारी जात विचारणारच.